गुरुजींच्या गाडीची घाई

इंजिनच्या फेऱ्यांचा काटा दोन हजार दोनशेवर.

जांभळी साटीन.

सोळा मावश्या, पायी, गाणं म्हणत.

क्लचचा जळका वास.

हे सगळं गाथोगो गुरुजींच्या लाल, दोन सीटच्या, बहात्तर सालच्या गाडीचं. शनिवारी त्यांच्या मुलीचं, वाइरिमूचं लग्न. नवरीच्या गाडीपुढे मावश्या नाचत चालणार, गाडीनं मागून मुंगीच्या चालीनं यायचं. आणि गाडी तर बुधवारपासून अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावताच बोंबलत होती. शुक्रवारपर्यंत शांत झाली नाही तर नवरी व्याह्यांच्या पांढऱ्या जीपमधून जाणार, असं घरात ठरलं होतं. गुरुजींना जेवण जात नव्हतं.

म्हणून गुरुवारी ते न्गारा बाजारात, माझ्या टायरच्या दुकानाशेजारी, अविनोच्या गॅरेजात आले. अविनो त्यांचीच विद्यार्थिनी.

बॉनेट उघडायच्या आधी तिनं चहा मागवला आणि विचारलं, गाडीला सासरी जायची एवढी घाई का? वर्षभर तर मालकच या लग्नाला नको म्हणत होता. मुलगा मोंबासाचा, देशाच्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे परदेशातलाच, असं गुरुजींनी चर्चच्या पायरीवर सगळ्यांना ऐकवलं होतं.

गुरुजी म्हणाले, कार्ब्युरेटर बघ.

तिनं बघितला. कुठून जादा हवा आत जात असेल म्हणून सांध्यांवर पाणी फवारलं. आवाज तसाच. चाल कमी करायचा स्क्रू पार सैल केला. काटा हलला नाही. मग तिनं इंजिनला रेस देणारी थ्रॉटलची दांडी बोटानं मागे रेटली. इंजिन आठशेवर येऊन घुरघुरायला लागलं. बोट काढलं, परत बोंब.

"काहीतरी धरून ठेवतंय हिला," असं म्हणत तिनं खाली हात घातला. चिमटीत जांभळ्या साटीनच्या फितीचा तुकडा. एक टोक दांडीला, दुसरं शेजारच्या नळीला. बाकीची फीत कुणीतरी घाईघाईनं कापून नेलेली.

गुरुजी म्हणाले, उंदरानं ओढून आणली असेल.

"गुरुजी, उंदीर अशी दुहेरी गाठ मारतो? ही गाठ आम्हाला पाचवीत तुम्ही शिकवलीत. मला नीट येईना म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतंत."

 गुरुजी हळूच म्हणाले, मंगळवारी घरात कुणी नव्हतं. बॉनेटवर सजावटीची फीत लावून बघितली, वाऱ्यानं उडू नये म्हणून टोक आत कशाला तरी बांधलं. तेवढ्यात पोरीची चाहूल लागली.

"चुकीच्या ठिकाणी बांधलीत. पण गाठ चांगली आहे," अविनो म्हणाली आणि कात्री चालवली.

शनिवारी गुरुजींनी गाडी मावश्यांच्या मागून इतकी हळू चालवली, की एका मावशीनं वळून बॉनेटवर थाप मारली: चला की, रडताय काय.

लग्नाला गुरुजींनी होकार दिला जूनमध्ये. फीत मात्र त्यांनी मार्चमध्येच घेऊन ठेवली होती.