कमानीशेजारचा जाड खांब

एल्डर फोर्कच्या मेथडिस्ट चर्चला ऊब देणारी मोठी भट्टी ऑक्टोबरात एकदा शेवटचं खोकली आणि थंड पडली. नवी बसवणं चौदा माणसांच्या मंडळीला झेपणारं नव्हतं. म्हणून रविवारच्या बैठकीत ठराव यायचा होता: हिवाळाभर चर्च बंद ठेवायचं आणि उपासनेला वीस मैलांवरच्या गावी जायचं. वसंतात पुन्हा उघडू, असं कागदावर होतं. पण नेब्रास्काच्या त्या पट्ट्यात हिवाळ्यापुरतं बंद झालेलं एकही चर्च पुन्हा उघडलेलं डेल्मर क्विग्लीनं पाहिलं नव्हतं. आणि ठराव मांडायचा होता त्यालाच, कारण इमारतीची देखभाल पंचावन्न वर्षं त्याच्याकडे होती. नेडीनशी त्याचं लग्न इथंच लागलं होतं आणि तिला शेवटचा निरोपही त्यानं इथूनच दिला होता. शर्टाच्या खिशातला तो कागद सकाळपासून त्याला टोचत होता.

उपासना कोट घालूनच झाली. मग सगळी बाजूच्या संडे स्कूलच्या खोलीत जेवायला जमली. तिथला छोटा हीटर इमानी होता. पण खोली आणि उंच छताचं सभागृह यांच्यामध्ये भिंतच नव्हती, नुसती रुंद कमान. ऊब तयार व्हायची आणि कमानीतून पळून जायची.

"त्या हीटरला सांगा कुणीतरी, आभाळ तापवू नकोस म्हणावं," अर्डिस म्हणाली. एक्याण्णव वर्षांची ती म्हातारी आपणच केलेली हिरवी जेली वाढून घेत होती. "आणि डेल्मर, वाचून टाक तो कागद. नूडल्स गार होतायत."

"आधी इतिहास," पास्टरबाई म्हणाल्या. सुन-ही पार्क जुलैत बदलून आल्या होत्या. या चर्चच्या चव्वेचाळिसाव्या पास्टर. तीनेक वर्षं झाली की बिशप पास्टरला उचलून दुसरीकडे धाडतात, त्यामुळे इमारतीची आठवण ठेवायची ती मंडळीनंच. मंडळी विसरली की संपलं.

इमारतीला एकशेतीस वर्षं झाली म्हणून तिचा इतिहास लिहायचं काम जोलीन प्रिचर्डवर आलं होतं. "तू घरीच तर असतेस, वेळच वेळ तुला," असं म्हणून. तेव्हा तिची विनी सात महिन्यांची होती. आता ती दहा महिन्यांची झाली होती, आणि तिच्या झोपांच्या फटीफटींतून सहा पानं झाली होती.

बाळाची पिशवी जोलीननं कमानीशेजारच्या जाड खांबाच्या कडीला अडकवली. सगळे तिथंच कोट अडकवायचे. विनीला कडेवर घेऊन ती वाचू लागली.

"डिसेंबर अठराशे नव्व्याण्णव. महिला मंडळाची वही: 'कडाका फार. बंधू टॉलिव्हर यांनी पडदा ओढला, सगळी शेगडीकडच्या बाजूला बसली. उपदेश दोन तास.'"

"बिचारी," कुणीतरी म्हणालं.

"पडदा?" डेल्मरनं मान वर केली. "इथं पडदाबिडदा कधीच नव्हता. मला इथला खिळान् खिळा ठाऊक आहे."

"दर हिवाळ्यात हेच लिहिलंय, डेल्मर. बेचाळीस सालापर्यंत. मग मोठी भट्टी आली."

अर्डिसनं चमचा खाली ठेवला. "गडगडायचा," ती हळूच म्हणाली. "लाकडाचा होता. मी टेबलाखाली लपायचे." तिनं काटा उचलून खांबाकडे रोखला. "तिथून निघायचा! तू फटीसकट रंगवून टाकलास की रे. एकोणसत्तर साली. अंगात आलं होतं तुझ्या. नेडीननं हात धरला म्हणून भिंतीवरचं घड्याळ तरी रंगातून वाचलं."

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. कडीकडे पाहिलं. मग जमिनीतल्या त्या लांब खाचेकडे, जिच्यात पोरांच्या गोट्या हरवायच्या आणि जी बुजवायला डेल्मरनं सिमेंटसुद्धा आणून ठेवलं होतं.

डेल्मरचे कान तापले. तो लोण्याची सुरी घेऊन उठला आणि खांबाच्या कडेनं वरपासून खालपर्यंत फिरवली. रंगाच्या साली लोंबू लागल्या. पिशवी काढून त्यानं कडी ओढली. काही हललं नाही.

"मेथडिस्टच तो," अर्डिस म्हणाली. "समिती नेमल्याशिवाय हलायचा नाही."

पास्टरबाईंनी वेदीवरच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे आणले. विनीला अर्डिसच्या मांडीवर देऊन जोलीन गुडघ्यांवर बसली आणि खाचेत मेण घासत गेली. डेल्मरनं पुन्हा जोर लावला, मग दोघांनी, मग चौघांनी.

खांबाच्या पोटात काहीतरी गडगडलं. ओकच्या अरुंद पट्ट्या एकीला एक जोडलेल्या, रंग कधीच न लागलेल्या, मधाच्या रंगाच्या, गुंडाळी सोडवत बाहेर आल्या. धूळ थेट जेलीवर बसली.

"खा, इतिहास आहे," अर्डिस म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

पडदा पलीकडच्या कडेला टेकायला वीतभर राहिला आणि अडला. विनी मांडीवरून उतरून रांगत गेली आणि त्या फटीतून पलीकडच्या गारठ्यात तिनं हात घातला. थोड्या वेळानं कुणीतरी कोटाची बटणं सोडली. मग दुसऱ्यानं. कोट ठेवायला जागा सापडेना, कारण कडी आता पडद्याबरोबर खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती.

"डेल्मर," पास्टरबाई म्हणाल्या, "तुमचा ठराव?"

त्यानं खिशातून कागद काढला. त्याची एक घडी घातली, दुसरी घातली, मग पडद्याखाली जिथून वारा शिटी वाजवत होता तिथं गुडघे टेकून तो घट्ट कोंबला.

"सोमवारी लाकूड आणतो," तो म्हणाला. "ती फट बंद करायला हवी. बाळाला वारा लागतोय."