मानाचा कॉम्प्युटर

सून घरबसल्या लोकांच्या घरांचे नकाशे काढायची. काढलेलं घर पडद्यावर जरा फिरवून बघावं, तर तिचा जुना कॉम्प्युटर जागीच थिजायचा. अशात एका बड्या बिल्डरने तिला चाचणी म्हणून एक बंगला काढायला दिला. सोमवारी सकाळी बंगला हातात पडला तर कायमची नोकरी, नाहीतर रांगेत दुसऱ्या होत्याच.

सासूबाई म्हणाल्या, नवा घ्या. तोही तयार नको, एकेक भाग निवडून जोडलेला हवा, कारण शेजारणीने तयार घेतला होता. कुठला भाग घ्यायचा हे सांगायला सुनेने तोंड उघडलं, पण दोन जावई हयात असताना सुनेच्या पसंतीने वस्तू आली, तर लेकींनी सासरी काय तोंड दाखवायचं? थोरल्या जावयांकडे प्रोसेसर गेला. तो यंत्राचा मेंदू, म्हणजे मान थोरल्यांचाच. धाकट्यांचा चेहरा पडला, म्हणून त्यांना मदरबोर्ड दिला. सगळे भाग त्याच्यावरच बसतात म्हटल्यावर ते जरा सैलावले. सुनेचा नवरा घरचाच, त्याच्या वाट्याला हे सगळं बसवायची पेटी आली. त्याने काचेची आणली, आत रंगीबेरंगी दिवे. मेमरीची पट्टी दिसायला एवढीशी, तिला कुणी विचारेना. ती तेवढी सुनेला मिळाली.

थोरले जावई बँकेत मॅनेजर, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं कळतं. धाकट्यांना कळत नाही असं काही जगात अजून निघायचंय. दोघे एकाच दुकानात गेले, पण वेगवेगळ्या दिवशी. तुम्ही काय घेतलंत, हे एकाने दुसऱ्याला विचारायचं म्हणजे कमीपणा. प्रोसेसर आणि बोर्ड एकमेकांशी जुळावे लागतात, हे सुनेने दोघांना फोनवर विनवून सांगितलं होतं. थोरले म्हणाले, बोर्डाने जुळवून घ्यावं. धाकटे म्हणाले, ते प्रोसेसरने बघावं.

शनिवारी जोडणीवाला आला. बघायला सगळं गोत बैठकीत जमलं. त्याने प्रोसेसर बोर्डावर धरला, फिरवून धरला आणि खाली ठेवला.

‘हा ह्याच्यात बसायचा नाही. दोन्ही वेगळ्या जातकुळीचे आहेत. एक कुठला तरी बदलून आणा.’

थोरल्यांनी सुचवलं, जरा जोर लावून बघा. जोडणीवाल्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. एक बदलायचा, पण कुणाचा, हे विचारायची सोय नव्हती. थोरले खिडकीबाहेर बघायला लागले. धाकट्यांनी बायकोला निघायची खूण केली. दोन्ही लेकींनी आईकडे असं पाहिलं, जणू आईनेच तो बोर्ड घडवलाय.

सून उठली. जुन्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली, बंगला उघडला. जिन्यापाशी पडदा थिजला. तिने हात मांडीवर ठेवले आणि नुसती बघत राहिली.

जावयांचे रुसवे सासूबाईंनी आयुष्यभर काढले होते, पण कामसू सुनेला अशी रिकाम्या हातांनी बसलेली त्यांना बघवायची नाही.

‘दोन्ही परत जाऊ देत,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही दोघांनी इतकं उंची आणलंय जावईबापू, आमच्या सुनेच्या साध्या कामाला ते शोभायचं नाही.’

उंची म्हटल्याबरोबर दोघे फुलले. वस्तू परत करायला एकाच गाडीतून निघाले, मागच्या सीटवर सून. दुकानात तिने प्रोसेसर निवडला, त्याला जुळणारा बोर्ड निवडला, पुड्यावरचा नंबर दोनदा ताडून घेतला. तेवढा वेळ पेटीतले दिवे निळे शोभतील की लाल, यावर दोघांची जुंपली होती.

रविवारी बंगला पडद्यावर गरगरा फिरला. सासूबाई चष्मा लावून पुढे झाल्या, खोली न् खोली पाहिली आणि नाक मुरडलं.

‘स्वयंपाकघराला खिडकी एवढीशी? रांधणारीने काय भिंतीशी बोलायचं?’

सुनेने खिडकी मोठी केली. यंत्राने हूं की चूं केलं नाही. सोमवारी बंगला वेळेवर पोचला आणि नोकरी पक्की झाली.

धाकटे सांगत फिरतात, बोर्ड आपण पुढाकार घेतला म्हणून नीट आला. थोरले म्हणतात, मेंदू कुणाच्या वाट्याचा होता ते विसरू नका. सून दोघांनाही हो म्हणते आणि पुढचं घर काढायला घेते.