कोऱ्या रकान्याची बाळंतीण

बाळंतिणींच्या अतिदक्षता विभागात मोठ्या डॉक्टरीणबाईंना पाठीमागे ‘टक्केबाई’ म्हणत. तपासण्यांचे आकडे संगणकात भरले की कोणाच्या दगावण्याचा धोका किती, हे सांगणारं गणित त्यांनीच बसवलेलं. माणूस भावनेत वाहतो, आकडा वाहत नाही, असं त्यांचं म्हणणं. आकडा भरणारा हात माणसाचाच असतो, हे त्या सोयीने विसरत.

त्या दुपारी सगळ्या खाटा भरलेल्या आणि खाली प्रसूतिकक्षात एकीचा रक्तस्राव थांबेना. एक खाट रिकामी करणं भाग होतं. गणिताने खिडकीजवळच्या, रक्तदाब चढलेल्या पोरीकडे बोट दाखवलं. धोका चार टक्के.

“हिला वॉर्डात हलवा,” म्हणून टक्केबाई बाहेर पोरीच्या आईला सांगायला गेल्या.

“म्हणजे धोका टळला?”

“शंभरात चार जणींना असतो, इतकाच.”

“मला एकच आहे हो बाई. शंभर कुठून आणू?”

जावई कसनुसा हसला. “अहो आई, चांगलंच सांगतायत त्या.”

“चांगलं तर चांगलं. पण सकाळी रक्त नेलं, त्याचं काय आलं?”

टक्केबाईंनी आकडा आठवून पाहिला. आठवेना. आठवणार कुठून, पाहिलंच नव्हतं! त्या तडक आत आल्या. यकृत आणि प्लेटलेट, दोन्ही रकाने कोरे.

“रक्त नळीतच गोठलं, मॅडम. लॅबने परत मागितलं होतं,” सिस्टर ओशाळली. “गडबडीत राहिलं.”

आणि रकाना कोरा असला की ठीक समजायचं, हा नियम टक्केबाईंचाच. नाहीतर गणित अडून बसे. जिचं रक्त तपासलंच नाही, तीच सगळ्यांत ठणठणीत ठरली होती.

खाट दारापर्यंत पोचली होती. “थांबा! मागे घ्या तिला. खालच्या बाईला तिथल्याच ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवा, भूलतज्ज्ञ तिच्याजवळ थांबतील.”

नव्या रक्ताचा निकाल आला. प्लेटलेट तळाला, यकृत बिघडलेलं. टक्केबाईंनी गणित पुन्हा मांडलंच नाही. प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्या आणि स्वतः खाटेशी उभ्या राहिल्या.

संध्याकाळी पोरीला आकडीचा झटका आला. सगळे हाताशी होते, म्हणून श्वास थांबला नाही. वॉर्डात अख्ख्या दालनाला एकच सिस्टर असते.

“हलवा म्हणाले, ती चूक माझी,” टक्केबाई आईला म्हणाल्या. “अजून काहीच सांगता येत नाही. आत या.”

आई आत आली. पोरीचे दोन्ही हात नळ्यांनी अडलेले, म्हणून तिने पाऊल धरलं.