बारीक होण्याचं चूर्ण

डबीवरच्या चित्रातल्या दोन्ही माणसांच्या मिशा मात्र सारख्याच होत्या. डावीकडचा जाडा, उजवीकडचा बारीक, मध्ये एक बाण; चूर्णानं पोट नेलं होतं, गाल नेले होते, पण मिशीचा एक केस ढळू दिला नव्हता. पितांबरनं रिकाम्या डबीवरून अंगठा फिरवला. खाली लिहिलं होतं— 'सातपुड्याच्या गुप्त वनस्पतींपासून, म्हणून अपाय नाही.' त्याचा सगळा विश्वास त्या 'म्हणून'वर होता. छाती धडधडत होती, तोंडाला कोरड पडली होती, तरीसुद्धा.

धरणगावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, तो कापसाचा पारखी. शेतकरी गाडी भरताना वर कोरडा कापूस ठेवतो आणि आत पाणी शिंपडतो, म्हणजे काट्यावर वजन चांगलं येतं. हे सगळ्या तालुक्याला ठाऊक, आणि कुणीच करत नाही. पारख्यानं चाकावर पाय देऊन गाडीवर चढायचं, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि म्हणायचं, "रुपचंदभाऊ, तुमच्या एकट्याच्याच मळ्यात पाऊस झाला का?" हे म्हणण्यासाठीच आपला जन्म झाला असावा असं पितांबरला वाटे. पण गेल्या हंगामाच्या शेवटी त्याचा पाय चाकावरून घसरला, दोघा हमालांनी खालून ढकललं तेव्हा कुठे तो वर पोचला, आणि शेठ म्हणाले, "पितांबरभाऊ, आता आधी तुमचीच गासडी बांधावी लागेल!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं पितांबर हसला. मग शेठ हळू आवाजात म्हणाले, की नाहीच जमलं तर पुढच्या हंगामाला हाताखालच्या तरण्या झुलालला गाडीवर चढवू, तुम्ही ओट्यावर बसा… ओट्यावर बसलेल्या माणसाला सगळे रामराम करतात, विचारत कुणी काही नाही.

म्हणून चूर्ण. आणि चूर्णानं गुण दिलाच होता! कापसाच्या काट्यावर तो रोज गुपचूप उभा राही, आणि काटा रोज थोडा खाली येई. काटा खोटं बोलत नाही. माणूस बोलतो… एवढ्यावर तर त्यानं आयुष्य काढलं होतं. जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकत, पण तेही बारीक होण्याचंच लक्षण असेल. आज बाजाराच्या दिवशी तो दुसरी डबी आणायला निघाला.

"चाला, मी बी येस बाजारले," भिकुबाई म्हणाली. नवऱ्याचं परसाकडे धावणं ती मुकाट्यानं बघत आली होती. आता तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणजे विषय संपला.

औषधवाला बाजाराच्या टोकाला चादर पसरून बसला होता. स्वराज्य आल्यापासून त्यानं खादीची टोपी घेतली होती. त्याआधी, म्हणतात, तो विलायती गोळ्या विकत असे. पितांबर जरा मागेच थांबला, भिकुबाई ज्याची कुणी नव्हे अशा माणसासारखा.

"भाऊ, हाई कसानं शे?"

"गुप्त वनस्पती, अक्का. सातपुड्यातली."

"सातपुडामा कोठली? मी शिरपूरकडली शे. कोन्ता महिनामा तोडतस?"

"बारमाही मिळते, अक्का!"

"बारमाही ते गवत-तनच ऱ्हास," भिकुबाई म्हणाली, आणि आजूबाजूला चार डोकी जमली. पितांबरला चादरीखाली शिरावंसं वाटलं. तिथं तो मावला नसता.

"अक्का, वनस्पती आहे, अपाय कसला?"

"धोतरा बी वनस्पतीच शे ना, भाऊ? बरं, कोन बारीक व्हयना? नाव सांगा, गाव सांगा."

"नागपूरचे एक मामलेदार—"

"एरंडोलना कोन्हीच नही? अमळनेरना? आते नागपूरले कोन पाहाले जास!"

हसू पिकलं. तिचा आवाज मात्र चढला नव्हता. वांगी घेताना असतो तेवढाच होता. तिनं नवी डबी उघडली, चिमूट तळहातावर घेतली, बोटानं पसरली, वरचं बाजूला सारून तळातलं घेतलं, हुंगलं… आणि पितांबरची लाज मध्येच कुठेतरी थांबली. अरे, ही तर आत हात घालते आहे! वरचा थर हिनं बघितलासुद्धा नाही. इतकी वर्षं घरात जेवायला वाढत होती, आणि मी बाहेर पारखी म्हणून मिरवत होतो.

"पहिले तुम्ही खाईसन दखाडा."

"आज माझा उपास आहे."

"उपासले वनस्पती चालस ना!" मग हात झटकत ती म्हणाली, "वास ते सोनामुखीना शे. वाण्याकडे मिळस. पन सोनामुखीनं पोट धावस, भाऊ, छाती नही धावस. यास्नी ते रातभर धावस. मंग आखो काय टाकेल शे यामा?"

औषधवाल्यानं प्रथमच पितांबरकडे पाहिलं, त्याच्या छातीकडे, आणि चादरीची टोकं गोळा करायला लागला.

सोनामुखी… जुलाब… म्हणजे पाणी गेलं. ओली गाडी दोन दिवस उन्हात ठेवली की काट्यावर हलकी भरते. म्हणून काय कापूस कमी होतो? कापूस तेवढाच राहतो, पाणी जातं! जगाच्या कापसातलं पाणी हुडकणारा पितांबर रोज सकाळी काट्यावर उभा राहून स्वतःचंच वाळणं कौतुकानं बघत होता. काटा खोटं बोललाच नव्हता. काय कमी झालं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

परतताना तो पाणपोईवर थांबला आणि पुन्हा पुन्हा ओंजळ पुढे करत राहिला. उद्या काटा वर जाणार. भिकुबाई म्हणाली, "सकाळले डाक्टरले छाती दखाडा." तो बरं म्हणाला. चूर्ण का घेतलं, हे तिनं विचारलं नाही. आणि तिला ते ठाऊक आहे, हे त्याला तिच्या न विचारण्यावरूनच कळलं.

जिनाच्या फाटकाबाहेर हंगामाची पहिली गाडी येऊन उभी होती. बैल सोडलेले, धनी चहाला गेलेला, कापूस आभाळाला टेकलेला. चाक पितांबरच्या छातीएवढं. मला चढता येत नाही, तो मनात म्हणाला. सरळ, कुणी न हसता. डबीनं जमणार नव्हतं, डॉक्टरनं जमलं तर पुढच्या वर्षी, यंदा नाही. वर झुलाल चढेल. पण खाली, गाडीच्या बाजूच्या काठ्यांमध्ये एक फट होती. खालून हात घातला तर कुठवर जाईल? भिकुबाई तर जमिनीवरच उभी होती, आणि डबीच्या तळापर्यंत पोचली होती. शेठला पटेल? बहुधा नाही. पारखी वरूनच बोलतो अशी रीत आहे.

त्यानं फटीतून हात सारला. मनगट, कोपर… पुढे जाईना.

"चाला ना!" भिकुबाईनं पुढून हाक दिली.

बोटांना गार लागत होतं. ती ओल कापसाची होती की त्याच्या स्वतःच्या तळव्याची, हे त्याला सांगता येईना; आणि काहीतरी सांगून टाकायची घाई, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, होईना. तो तसाच उभा राहिला.