स्वयंपाकघरातल्या संचालकबाई

कृष्णनाथाला कोरगावात अजूनही लोक सेक्रेटरीबाब म्हणतात, आणि तो अजूनही ओ देतो. पूर्वी त्या हाकेने त्याची छाती वीतभर फुगायची. आता ती हाक त्याला नकोशी वाटते.

काजूच्या कंपनीत तो चिटणीस होता. कंपनी म्हणजे डोळे दिपावेत असं काही नव्हतं. एक भट्टी, तिला लागून बिया फोडायची लांबट शेड, चाळीस बायका आणि पाच संचालक. त्यातले चार पुरुष. पाचवी सत्यवती, आणि तीही कुणाला आपणहून सुचली म्हणून नव्हे. सरकारी योजनेत बसायचं तर संचालक मंडळात एक बाई पाहिजे, असं पत्र आलं. अध्यक्ष रघुनाथबाबांनी डोकं खाजवलं, तेव्हा कृष्णनाथानेच शेडवरच्या मुकादम बाईचं नाव पुढे केलं. बारा वर्षं बिया फोडून तिचे हात काजूच्या तेलाने काळे झाले होते. शिवाय त्याच्या मयत मित्राची, सगुणाची ती बायको. ‘आपलंच माणूस, शब्दाबाहेर जायची नाही,’ असं तो म्हणाला होता. माणसाची पारख म्हणतात ती ही!

बैठका रघुनाथबाबांच्या घरी भरत. बाहेरचे पुरुष सालात, म्हणजे पुढच्या दिवाणखान्यात, येऊन बसले की घरातल्या बायकांनी उंबरठ्याच्या आत राहायचं, ही तिथली रीत. सत्यवतीला ती कुणी सांगितली नाही, सांगावी लागलीही नाही. पहिल्याच दिवशी तिने चारही खुर्च्या भरलेल्या पाहिल्या आणि सरळ स्वयंपाकघर गाठलं. तेव्हापासून तेच चालू राहिलं. बाहेर ठराव झाला की कृष्णनाथ वही घेऊन आत जायचा, ती सही करायची, तो बाहेर यायचा. इतिवृत्त इंग्रजीत, तिची सही मराठीत. कृष्णनाथाला यात काही गैर वाटत नसे. उलट बाईमाणसाला आपण ताटकळत ठेवत नाही, याचाच त्याला अभिमान.

सत्ताऐंशी साली गोवा राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली बैठक. सालात विषय एकच, भाषेचा. कोकणीला मान मिळाला, मराठीला मागच्या बाकावर बसवलं, आता आपल्या पेडणे तालुक्यातल्या माणसाचं म्हणणं ऐकणार कोण, म्हणून चौघे तावातावाने बोलत होते. त्या गडबडीत त्या चौघांतल्या सदाशिवाने एक ठराव मांडला. शेडमधले काजूगर नाहीसे होतात, बायका ओटीत घालून मागच्या दाराने नेतात, तेव्हा त्या दाराला कुलूप घालावं. “घाला, घाला,” म्हणून बाकीचे तिघे पुन्हा भाषेकडे वळले.

कृष्णनाथ आत गेला. सत्यवती रघुनाथबाबांच्या बायकोबरोबर फणसाच्या बिया सोलत होती. ठराव ऐकला आणि तिचे हात थांबले.

“मागलां दार बंद करू नकात रे. भट्टी पुढल्या दाराक लागून असा. उद्या पेट घेतल्यान तर बायलमाणसां खंयसून भायर येतली?”

“आणि गर जातत त्येचां काय?”

“झडती व्हयी तर मी घेतंय. रोज सांजेक दारार मी रवतंय. ह्यां भायर सांग, आणि वहीत लिव.”

“सांगतंय. तू सही कर, वयनी.”

त्याच्या शब्दावर तिने सही केली.

तो बाहेर आला तेव्हा रघुनाथबाब बोलण्याच्या भरात उठून उभे राहिले होते. कृष्णनाथाने तोंड उघडलं.

“जाली सही?” रघुनाथबाबांनी मान न वळवताच विचारलं.

“जाली.”

आणि बाकीचं राहिलं. इतक्या मोठ्या माणसांच्या मध्ये कसं बोलायचं, एवढंच त्याला वाटलं. काय केलं असतं त्यांनी? फार तर ‘गप बस’ म्हटलं असतं. आपलं कुणी ऐकत नाही म्हणून चार शहाणे घसा कोरडा करत होते, आणि दहा हातांवरच्या बाईचं एक वाक्य त्यांच्यापर्यंत आलं नाही.

सोमवारी कुलूप लागलं. सत्यवतीने त्याला शेडच्या दारात गाठलं.

“सांगलंस मरे तू?”

खरं बोलायला अजून वेळ होता. पण जीभ भलतीकडेच वळली. “सांगलंय गे. पण तू एकटी, ते चौघे. काय करतलंस?”

“बरां. आयकान तरी घेतल्यानी,” ती म्हणाली आणि कामाला लागली. तिचं ते समाधान कृष्णनाथ आजही विसरलेला नाही.

श्रावणात भट्टीतलं तेल पेटलं. पुढचं दार आगीने अडवलं आणि बायका मागे धावल्या. किल्ली सदाशिवाच्या खिशात, आणि सदाशिव म्हापशाच्या बाजारात. गोपाळ गाडीवानाने पहारीने कोयंडा उचकटला म्हणून जीव तरी वाचले. सगळ्यांच्या शेवटी वत्सला बाहेर आली. तिच्याइतक्या भरभर बिया फोडणारी दुसरी बाई शेडवर नव्हती. तिच्या दोन्ही हातांची बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती.

चौकशीला सरकारी साहेब आला. शेडपुढे टेबल टाकून त्याने वही वाचली. ठराव सर्वानुमते मंजूर, खाली पाच सह्या. सगळ्या बायका सत्यवतीकडे वळल्या. वत्सलेची आई म्हणाली, “तुजी सही असा हेच्यार? तू तर आमच्यातली मगो!”

“मी नको म्हटललंय,” सत्यवती म्हणाली. “कृष्णनाथान भायर सांगललां. त्येकाच इचारा.”

साहेबाने विचारलं. या वेळी रघुनाथबाबांनी मान वळवली होती आणि ते त्याच्याकडेच बघत होते. कृष्णनाथाला आपली नोकरी दिसली, घरातली दोन पोरं दिसली.

“वहीत तशी नोंद नाही,” तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. खोट्याहून वाईट होतं. सत्यवती त्याच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिला सगळं कळलं. ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती शेडवर आली नाही. आली असती तरी जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी कुणी बसलं नसतं.

ठपका बसल्यावर संचालकांना जाग आली. बैल गेला आणि झोपा केला! मागच्या भिंतीला दोन दारं पाडली. बैठक शेडवरच भरू लागली. इतिवृत्त मराठीत लिहायचं, मोठ्याने वाचायचं, आणि कुणाचं मत उलट पडलं तर नावानिशी टिपायचं, असं ठरलं. खुर्च्या पाच आल्या. सत्यवतीला बोलवायला कृष्णनाथाला धाडलं.

ती अंगणात भात वाळत घालत होती. त्याने नव्या रीती सांगितल्या. मग सगळं धैर्य एकवटून म्हणाला, “वयनी, त्या दिसा मी भायर सांगूकच नाय. तुका फटयलंय.”

“म्हायत असा माका.”

“आता मी सगळ्यांका सांगतंय. बायलांकय सांगतंय. तू फकत चल. तुजी खुर्ची मधी मांडलेली असा.”

“खुर्ची कोणाक व्हयी होती, कृष्णनाथ?” तिचा आवाज चढला नाही. “आत बसानय माका चलला असतां. भायर ते चौघे होते, त्येंका माजो आवाज पावाक नाय. पण तू माज्या म्होऱ्यार होतंस. तुका पावललो.”

तिने पुन्हा भातात हात घातला. तो निघाला.

बैठकीत रघुनाथबाबांनी विचारलं, “काय म्हणाली?” चौघेही त्याच्याकडे बघत होते. कृष्णनाथाने तिचा शब्दन् शब्द सांगितला, आणि मागच्या दाराबद्दलचं तिचं जूनमधलं ते वाक्यही सांगितलं. मध्ये कुणी ‘गप बस’ म्हटलं नाही. सांगायला सगळी मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

“ह्यां वहीत लिवू नको हां,” शेवटी सदाशिव म्हणाला.

कृष्णनाथाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन बायकांना वाचूनही दाखवलं. त्या ऐकून घेऊन पुन्हा बिया फोडायला लागल्या. सत्यवती मात्र आली नाही.