कुंपणाकाठचा दांडा

"तेओफिलआजोबा, सगळं गाव तुम्हाला 'वोबुझ' का म्हणतं? केलंत तरी काय असं?"

ब्रोन्काने एका दमात विचारून टाकलं. कुंपणाआड दडलेल्या मैत्रिणी फिसकन हसल्या. पैज जिंकली होती, आता पळायला हरकत नव्हती. पण ती हलली नाही. परीक्षेच्या दिवशी वर्गात बदक सोडलं तेव्हापासून आई तिलाही तेच म्हणत होती. वोबुझ, वांड कार्टी. आणि म्हणूनच सप्टेंबरपासून लुब्लिन शहरातलं वसतिगृह. ब्याद टळली, दुसरं काय! महिनाभर ती 'नाही जाणार' म्हणून पाय आपटत होती.

ऐंशीचा तेओफिल पायरीवर बसून उद्याच्या मारियामातेच्या सणाची जुडी बांधत होता. गव्हाच्या लोंब्या, खसखशीची बोंडं, पिवळी रानफुलं.

"कोण म्हणतं? तुझा बाप? तो माझ्या सफरचंदाच्या झाडावरून दोनदा पडलाय."

"विषय बदलू नका हं!"

तो हसला. "माझी आई बुग नदीपलीकडची. तिच्याकडे वोबुझ म्हणजे कुंपणाकाठचं रान. कुणी पेरत नाही, उपटलं तरी पुन्हा उभंच. त्यात लपून फळं लांबवणाऱ्या पोरांनाही मग तेच नाव पडलं, असं ती सांगायची. मला दिवसातून दहादा तीच हाक."

"रागानं?"

तो उठून आत गेला आणि एक गाठोडं घेऊन आला. आत वाळून करकरीत झालेल्या जुड्या होत्या.

"पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेली जुडी वर्षभर जपायची, मग जाळायची. आईनं या जाळल्याच नाहीत. ती गेल्यावर माळ्यावर सापडल्या. अकरा. मी दूर खाणीत कामाला होतो, ती अकरा वर्षं."

प्रत्येक जुडीच्या मधोमध, लोंब्यांपेक्षा वीतभर उंच, एक रांगडा दांडा खोवलेला होता.

"हे तर तण आहे."

"हो, कुंपणाकाठचं. चर्चमध्ये बायका हसायच्या म्हणे तिला." त्याने दांड्यावरून अलगद बोट फिरवलं. "आता तशी हाक मारणारं कुणी उरलं नाही."

"ब्रोन्के, चल ना गं!" मैत्रिणी ओरडल्या. ती कुंपणाशी केव्हाच वाकली होती, तसलाच एक दांडा दोन्ही हातांनी ओढत.

घरी आई टेबलावर जुडी बांधत होती, बाबा दोरी धरून उभे. ब्रोन्काने मातीने भरलेला दांडा त्यांच्यापुढे ठेवला.

"आता आणखी काय उद्योग करून आलीस?" आई म्हणाली.

"मी लुब्लिनला जाणार," ब्रोन्का म्हणाली. "कुरकुर न करता. पण दर वर्षी असा एक जुडीत खोवायचा. अगदी मधोमध. लोक हसले तरी."