उघाडीची वरची फळी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी चार वाजता टेंभी नाक्याजवळच्या ‘मंदाकिनी फोटो स्टुडिओ’तला स्कॅनर बंद पडला. आतला दिवा विझला, मोटर एकदा कण्हली आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे उमटत चाललेलं चित्र अर्ध्याच्या थोडं पुढे येऊन थांबलं.

विनीतने बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. काहीच झालं नाही.

मागे बाकावर सगुणाबाई आणि त्यांची नात कृतिका बसल्या होत्या. कळव्यापलीकडच्या जुन्या गावातून दोघी रिक्षाने आल्या होत्या.

“आयला का कोपरा?” सगुणाबाईंनी विचारलं.

“नाही आजी. मिठाच्या राशी आल्या, बांध आला. उघाडी राहिली.”

“साठ वर्सं ऱ्हायलीय. आनखी ऱ्हाईल.”

“आजी, तू पण ना!” कृतिका उठली. “काका, प्लग बघितला का तुम्ही?”

विनीतने प्लग बघितला. प्लगचा काही दोष नव्हता.

स्कॅनरच्या काचेवर दहा बाय आठ इंचांची एकच कट फिल्म होती, वहीच्या पानाएवढी. तिच्यावर १९६७च्या वैशाखातली एक संध्याकाळ होती. विनीतचे वडील त्र्यंबकराव तेव्हा लाकडी कॅमेरा घेऊन खाडीकाठच्या मिठागरावर गेले होते. मालकाला मिठाच्या राशींचे फोटो हवे होते. शेवटचा फोटो त्यांनी मावळतीला काढला. तेव्हा कामगार घरी परतले होते. उघाडी सांभाळणारा रघु सगळ्यांच्या आधी निघाला होता, कारण घरी त्याच्या एकुलत्या एका मुलीची, सगुणाची, हळद होती.

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. एकावर एक चार फळ्या खाचेत सरकवल्या की भरतीचं पाणी आत येत नाही. त्या रात्री उधाण होतं आणि पाणी आत आलं. बांधाखालच्या झोपडीत राखणीला निजलेले गणू आणि त्याचा मेहुणा सकाळी चिखलात सापडले. गाव म्हणालं, हळदीच्या घाईत रघुने वरची फळी टाकलीच नाही. रघु मरेपर्यंत एकच सांगत राहिला, चारही टाकल्या. तेव्हापासून गावदेवीची पालखी दरवर्षी चैत्रात दारोदार थांबते आणि रघुच्या दारावरून न थांबता पुढे जाते. सगुणाबाईंचा नवरा घरजावई आला. त्यामुळे घरही तेच राहिलं आणि दारही तेच.

आणखी एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, पण बोलत कोणी नव्हतं. भरतीच्या वेळी वरची फळी काढून तिथे जाळं लावलं की टोपलीभर कोळंबी मिळते. मिठागरावर निजणारे अनेकजण ते करत. मावळतीला फळी जागेवर असेल, तर ती रात्री कोणीतरी काढली. आणि रात्री तिथे दोनच माणसं होती.

त्र्यंबकरावांनी मालकाला दिलेल्या छोट्या छापील फोटोत उघाडी तिळाएवढी होती. त्याच फोटोची दुकानात उरलेली प्रत विनीतने जानेवारीत ठाण्याच्या जुन्या आठवणींच्या एका ग्रुपवर टाकला. कृतिकाने मोबाइलवर दोन बोटांनी तो मोठा केला, तेव्हा नुसते चौकोन दिसले. फिल्मवर मात्र फळीन् फळी असणार होती. एवढ्या मोठ्या फिल्मवर मिठाच्या राशीवरचा बगळासुद्धा ओळखता येतो.

विनीत बिघडलेला स्कॅनर घेऊन विठ्ठलवाडीला उत्तमकडे गेला. उत्तमच्या दुकानात मेलेले स्कॅनर छतापर्यंत रचले होते.

“बोर्ड गेलाय, साहेब,” उत्तम म्हणाला. “एवढी मोठी फिल्म घेणारं मशीन आता नवीन कोण बनवतंय? जे चालू आहेत ते सगळे एकमेकांची किडनी लावून जगतायत. एखादा मेला की कळवतो.”

“आणि नाही मेला तर?”

“मग तुमचं नशीब वाईट, त्याचं चांगलं.”

मुंबईत एका छापखान्यात ड्रम स्कॅनर होता. तिथे फिल्म नळकांड्याभोवती गुंडाळावी लागते. ही फिल्म गुंडाळली असती तर पापडासारखी मोडली असती. शिवाय ते मशीन चालवणारा माणूस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि त्याच्यामागे कोणी ते शिकलं नव्हतं. परदेशात एक जागा होती. तिथे पाळी यायला सहा महिने. पालखी एप्रिलमध्ये होती. उरला एकच मार्ग. फिल्म प्रकाशाच्या पेटीवर ठेवायची, डिजिटल कॅमेऱ्याने तुकड्यातुकड्याने फोटो काढायचे आणि ते संगणकावर जोडायचे. विनीतकडे चांगलं भिंग नव्हतं. ते भाड्याने मिळेपर्यंत मार्च उजाडणार होता.

तोवर फिल्म जपायची होती. विनीतने वडील करायचे तेच केलं. खाडीचा वारा खारट, दमट; त्र्यंबकराव महत्त्वाची फिल्म बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकणाच्या फटीवर मेणबत्तीचं मेण ओतत. बाकीच्या फिल्म साध्या कागदी पाकिटांत रॅकवर असत. विनीतने डबा सील केला आणि माळ्यावर ठेवला. वर उन्हाने तापणारे सिमेंटचे पत्रे होते.

मार्चअखेरीस त्याने मेण खरवडलं. झाकण उघडताच चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरच्या बाटलीसारखा आंबट वास नाकात गेला. त्याने फिल्म उजेडात धरली. कडा आत वळल्या होत्या. उजव्या बाजूने सुरकुत्या निघाल्या होत्या, नदीच्या फाट्यांसारख्या, आणि त्या उघाडीच्या कोपऱ्याकडे चालल्या होत्या.

त्याने उत्तमला फोन लावला.

“वास येतोय? म्हणजे फिल्म आंबट वाफ सोडतेय,” उत्तम म्हणाला. “ती वाफ बाहेर जायला पाहिजे, नाहीतर फिल्मच खाते. तुम्ही कशात ठेवलेली?”

विनीतने सांगितलं.

“माझ्या बापाने पण तसंच ठेवलं असतं,” उत्तम म्हणाला.

विनीतने रॅकवरची कागदी पाकिटं उघडून पाहिली. वाऱ्यावर पडलेल्या, कोणी न जपलेल्या त्या फिल्म ठणठणीत होत्या. मग त्याने माळ्यावरचे बाकीचे डबे काढले. वडिलांनी जे जे मेणाने बंद केलं होतं, त्या प्रत्येकातून तोच वास आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात विकी आला. गणूचा नातू, पालखी कमिटीचा अध्यक्ष. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली, आवाज मऊ.

“काका, ऐकलं तुम्ही आमच्या बांधाचा फोटो मोठा करताय.”

“सगुणाबाईंनी सांगितलंय.”

“माहितीये. म्हातारी आहे, तिला बरं वाटू दे.” त्याने काउंटरवरचा डबा बोटाने जरासा फिरवला. “आजोबांच्या नावाचा दगड आहे बांधावर. त्याच्यावर नारळ फुटल्याशिवाय पालखी उठत नाय. पोरं खांदा देतात ना, ती सगळी त्या दगडाला मानतात. उद्या कोणी बोललं, आजोबांनीच फळी काढली, तर पोरं काय करतील, मी नाय सांगू शकत.”

“तू काय करशील?”

“मी?” विकी हसला. “मी समोर बसतो. तुम्ही फोटो काढा. जे दिसेल ते दिसेल. फक्त मी नसताना काढू नका.”

जाताना तो दारात थांबला. “काका, आमच्याकडे तो छापील फोटो आहे, मालकाने दिलेला. माझ्या बापाने त्यातला कोपरा ब्लेडने कापलाय. का, ते मी त्याला कधी विचारलं नाय.”

गुरुवारी सकाळी तिघंही आले. विकीने सगुणाबाईंसाठी खुर्ची ओढली. कृतिका मोबाइल हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

“मावशी, पाणी देऊ?” विकीने विचारलं.

“दे. आनि गप बस.”

विनीतने डावीकडून सुरुवात केली. राशी आल्या, बांध आला. एका राशीवर खरंच बगळा होता. उजवीकडे मात्र फिल्म सपाट राहीना. कोपरा बोटभर उचलला गेला होता. त्यामुळे कॅमेऱ्यात नुसता धूसर डाग येत होता. वर काच ठेवून दाबल्याशिवाय तो दिसणार नव्हता. दाबला तर सुरकुत्यांवरचा थर सुटण्याची भीती होती.

“आजी, तुम्ही सांगा.”

सगुणाबाईंनी विकीकडे पाहिलं, मग फिल्मकडे. “माझा बापूस चारी फळ्या टाकूनशी घरा आयला. मना हळद लावली त्याच हातानी. ठेवा काच.”

“विकी?”

विकीने मान डोलावली.

विनीतने काच टेकवली. वजन हळूहळू सोडलं. बारीकसा चर्र आवाज झाला, सुकलेल्या केळीच्या पानावर पाय पडावा तसा. त्याने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

पडद्यावर उघाडी आली. खाली चिखल, त्यावर पहिली फळी, दुसरी, तिसरी. चौथीच्या जागी थर फाटून उलटा वळला होता. त्याखाली कोरी फिल्म होती. खाचेच्या डाव्या टोकाला काहीतरी काळपट दिसत होतं, नखाएवढं. ते फळीचं टोक असेल किंवा सावली.

“हाय ना?” सगुणाबाईंनी विचारलं.

विकी पडद्याजवळ गेला, बराच वेळ त्या टोकाकडे पाहत राहिला आणि दुकानाबाहेर पडला.

वळलेला थर काचेला चिकटला आहे. काच उचलली तर तो तिच्याबरोबर येईल. म्हणून विनीतने ती उचललेली नाही. शुक्रवारी दुपारी उत्तमचा फोन आला: बदलापूरला एक मशीन मेलंय, बोर्ड सोमवारपर्यंत मिळेल. पालखी शनिवारी संध्याकाळी निघते. विकी कोणाचाही फोन उचलत नाही. कृतिकाने शुक्रवारी रात्री पाठवलेल्या फोटोत सगुणाबाईंच्या दारापुढे सारवलेलं आहे आणि त्यावर पालखी टेकवायला पाट मांडून ठेवलेला आहे.